आईला सुईचं सांगायचं कुणी?

दिल्यान डोंगरातल्या त्रोयान गावच्या नगरपालिकेचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा. घाटात वारा सुटला, ट्रकपुढचा बर्फ लोटायचा फाळसुद्धा दिसेनासा झाला, की बाकीचे ड्रायव्हर गाडी कडेला घेऊन सिगारेट पेटवायचे. हा पठ्ठ्या खिडकीतून डोकं बाहेर काढायचा आणि आभाळाला शिव्या हासडत रस्ता मोकळा करून परत यायचा. हिवाळ्यात गावात त्याला मोठा मान होता, उन्हाळ्यातही थोडाफार उरायचा. असा हा माणूस, नोव्हेंबर निम्मा सरला तरी आपल्या आईला एक वाक्य सांगायला घाबरत होता.

वाक्य साधं होतं. ‘आई, बाळ यायच्या आधी तू डांग्या खोकल्याची लस घे.’ बस, एवढंच. अडचण इतकीच, की ह्या वाक्यातला एकही कामाचा शब्द आईच्या घरात उच्चारायची सोय नव्हती.

‘बाळ’ म्हणायचं नाही, कारण बाळ अजून झालं नव्हतं. न झालेल्या बाळाबद्दल बोलणं म्हणजे नको त्या कानांना सुगावा देणं. दिल्यानच्या बायकोला, बिल्यानाला नववा लागला होता, तिचं पोट तिच्याआधी खोलीत शिरत होतं, पण गेना, म्हणजे दिल्यानची आई, सुनेशी बोलताना नजर तिच्या कपाळावरच ठेवायची. विणकाम मात्र जोरात चालू होतं. अंगठ्याएवढे लोकरीचे मोजे तयार होत होते आणि कुणी विचारलंच तर ते मांजरासाठी होते. माळ्यावरचा पाळणा खाली काढून, घासूनपुसून ठेवला होता, तो बटाट्यांसाठी.

‘डांग्या खोकला’ तर त्याहून वाईट. पोरांच्या आजारांना आमच्याकडची जुनी माणसं नावानं हाक मारत नाहीत. ह्या खोकल्याला म्हणतात मधाळबाई. नाव घेतलं की तिला वाटतं आपल्याला बोलावलं, आणि ती येते. राहता राहिली ‘लस’. ती देणार डॉक्टर कुन्चेव्ह, आणि त्यांनी एकदा गेनाला रक्तदाबापायी खारवलेला कोबी बंद करायला सांगितला होता. तेव्हापासून तो माणूस तिच्या लेखी संपला होता.

पण बिल्यानाचं म्हणणं पक्कं होतं. ती पहिलीच्या वर्गाला शिकवायची, त्यामुळे घरातसुद्धा एक बोट वर करून बोलायची.

“बाळाला पहिली लस दोन महिन्यांनी. तोवर त्याच्याभोवतीची माणसं हेच त्याचं कुंपण. जो बाळाला हातात घेणार त्यानं टोचून घ्यायचं, आणि आत्ताच, कारण लस अंगात मुरायला दोन आठवडे लागतात. माझं झालंय. माझ्या आईनं इटलीत घेतली, दंडाचा फोटोही पाठवलाय. आता तुझी आई.”

“सांगतो गं.”

“कधी? गावात खोकला सुरू झालाय, दिल्यान. माझ्या वर्गातल्या दोघी घरी आहेत.”

“आणि तिनं नाही म्हटलं तर?”

“तर दोन महिने तिनं दारातून बघायचं. बाळ हातात मिळणार नाही.”

 गेना नाताळच्या आधी वरच्या स्लिवाक गावाहून खाली त्रोयानला येणार आणि वसंतापर्यंत राहून बाळ सांभाळणार, हे केव्हाच ठरलं होतं. बिल्यानाचं सिझेरियन होणार होतं, तिला काही उचलायची बंदी. दिल्यान दिवसभर बर्फात. बिल्यानाची आई, रोसित्सा, इटलीत एका म्हाताऱ्याची देखभाल करायची, तिला फक्त डिसेंबरपुरती सुट्टी होती. गेनाने तर आपल्या बकऱ्यासुद्धा शेजारच्या पेनाकडे नेऊन बांधल्या होत्या. अशा बाईला दारातून बघायला सांगायचं म्हणजे घर मोडायचंच.

“आणि तुझं झालं का?” बिल्यानाने विचारलं.

“माझं झाल्यात जमा आहे,” दिल्यान म्हणाला. दवाखाना उघडायचा तेव्हा तो कामावर असायचा आणि तो सुटायचा तेव्हा दवाखाना बंद व्हायचा, हे खरं होतं. टीव्हीवर कुणाला इंजेक्शन देताना दाखवलं की तो पाणी प्यायला उठायचा, हेही खरं होतं.

पुढच्या रविवारी तो स्लिवाकला आईकडे जेवायला गेला. घेवड्याचं सूप होतं, खारवलेला कोबी होता, आणि धीर यावा म्हणून त्याने राकियाचा, म्हणजे फळांच्या दारूचा, एक पेला आधीच रिचवला होता.

“आई,” तो म्हणाला, “डॉक्टर कुन्चेव्ह म्हणत होते—”

“कोबी खाऊ नका म्हणत असतील. तो माणूस वारा खाऊन जगतो.”

“कोबीचं नाही गं. ते म्हणत होते, बाळ—”

गेनाने हातातला डाव टेबलावर आपटला. “मांजर!”

“बरं, मांजर. तर मांजराला समजा डांग्या खो—”

पुढचं अक्षर तोंडातच राहिलं, कारण तोंडावर आईचा हात बसला होता. दुसऱ्या हाताने तिने टेबलाच्या लाकडावर टकटक केलं, खांद्यावरून थू थू थू केलं, आणि एवढ्या धिप्पाड पोराला उठवून दाराबाहेर काढलं, म्हणजे तो जे काही बोलला ते त्याच्याबरोबर बाहेर जावं. सूप पार गार झाल्यावर त्याला आत घेतलं.

जेवण होईपर्यंत दिल्यान विचार करत होता, आणि मग त्याला एकदम मार्ग सापडला. आईला मांजर चालतं ना? मग मांजरच.

“आई, असं समज, आपल्या मांजराचे यायचे दिवस जवळ आलेत. आता मांजराजवळ जे कुणी जाणार, त्या सगळ्यांनी आधी एक सुई टोचून घ्यायची. मांजराच्या आजीने तर घ्यायलाच हवी. नाहीतर मांजराची आई म्हणते, आजीला मांजर हातात मिळायचं नाही.”

गेनाने सगळं नीट ऐकून घेतलं. विणकामाची सुई थांबवली, पुन्हा चालू केली. “समजलं,” ती म्हणाली.

दिल्यान उतारावरून गाणं म्हणत घरी आला आणि बायकोला म्हणाला, काम फत्ते. बिल्यानाने त्याचा मुकाच घेतला.

पुढच्या खेपेला तो आईकडे गेला तेव्हा चुलीजवळ मांजर तोंड फुगवून बसलं होतं.

“बकऱ्यांच्या डॉक्टरला बोलावून टोचून घेतलं त्याला,” गेना म्हणाली. “ओरबाडलं त्यानं डॉक्टरला. झालं तुझ्या बायकोचं समाधान?”

दिल्यानने आईच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. एक रेषा हलली नाही. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की हिला पहिल्या शब्दापासून सगळं समजलेलं आहे, आणि आपण दहा वर्षं घाट उतरलो त्याचा इथे काडीचा उपयोग नाही.

मग बिल्यानानेच फोन उचलला. दिल्यान तेव्हा नेमका न्हाणीघरात होता, आणि हे ऐकू आल्यावर तो तिथेच राहिला.

बिल्यानाने सगळे शब्द सरळ वापरले. बाळ म्हणाली, डांग्या खोकला म्हणाली, लस म्हणाली. पलीकडून फक्त थू थू ऐकू येत होतं. शेवटी गेना बोलली, आणि एवढ्या मोठ्यानं बोलली, की न्हाणीघरापर्यंत पोचलं.

“तीन पोरं वाढवली मी! एकाला तरी काही झालं?”

“आई, तुमच्यामुळे काही होईल असं मी म्हणतच नाहीये.”

“मग कुणामुळे होईल? बकरीमुळे?”

“मोठ्यांना नुसती सर्दी वाटते, आई. पण श्वासातून ते बाळाला—”

“माझ्या श्वासातून!”

फोन आपटला गेला. गेनाने म्हणे नंतर त्या फोनभोवती ऊद फिरवला. आणि दुसऱ्या दिवशी दुकानात पाव घ्यायला सगळं स्लिवाक जमलेलं असताना, ती पेनाच्या गोठ्यातून आपल्या बकऱ्या सोडून मधल्या रस्त्याने वाजतगाजत घरी घेऊन गेली. कुणी विचारलं, तर सांगायची, “मी कुठं जात नाही बाई. सुनेला माझा श्वास चालत नाही.”

बकऱ्या परत आल्या म्हणजे युद्ध जाहीर झालं, एवढं दिल्यानला कळत होतं. घरी बिल्याना बोलत नव्हती, वर गावात आई बोलत नव्हती, आणि दोघींचं म्हणणं एकच होतं, की दोष दिल्यानचा. बिचारा एकच रस्ता तीन-तीनदा साफ करत फिरायचा. शेजारच्या सीटवर त्याचा जोडीदार मिरो असायचा. रस्त्यावर बर्फ वितळवणारं खडीमीठ टाकायचं काम त्याच्याकडे. मिरो म्हणजे त्याच पेनाचा मुलगा.

“तू चुकतोस कुठं सांगू?” मिरो सिगारेटच्या धुरात खोकत म्हणाला. “तू आईला सांगायला जातोस. मी माझ्या आईला काही सांगत नाही. ती सांगते, मी ऐकतो. आमच्या घरात बघ किती शांतता आहे.”

“अरे, पण बाळाचं काय?”

“बाळं होतात, वाढतात,” मिरो म्हणाला, आणि त्याने थर्मासमधून दोघांच्यात एक कप चहा ओतला.

डिसेंबरच्या सुरुवातीचा संत वर्वाराचा दिवस उजाडला. ह्या दिवशी आमच्या बायका पहाटे उठून लहान लहान गोल पाव भाजतात, वर मध माखतात आणि पोरं असलेल्या घरोघर वाटत जातात. मधाळबाईचं तोंड गोड केलं की ती दारावरूनच पुढे जाते, असा हिशेब. गेनाचे पाव सगळ्यात मऊ असायचे आणि सगळ्यात आधी निघायचे. त्या वर्षी तिने दुप्पट केले होते. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. मांजरासाठी म्हणाली असती.

रात्रभर बर्फ पडला होता. मिरो पोराला बरं नाही म्हणून कामावर आला नव्हता. दिल्यान एकटाच ट्रक घेऊन स्लिवाकला चढला तर रस्त्यावर पुढे एक काळा रुमाल आणि एक टोपली चाललेली. त्याने हॉर्न दिला. रुमाल बाजूला झाला नाही. मग तो आईच्या मागे मागे, ती चालेल त्या वेगाने बर्फ काढत राहिला. ती एका दारात शिरली की हा थांबायचा, ती बाहेर आली की हा निघायचा. एवढा स्वच्छ रस्ता त्या गावाने कधी पाहिला नसेल.

एका दारातून बाहेर आल्यावर ती ट्रकपाशी आली आणि टाचा उंचावून खिडकीतून एक पाव आत ठेवला.

“तुला नाही,” ती म्हणाली. “गाडीला.”

“गाडी आभारी आहे,” दिल्यान म्हणाला. ती हसली नाही, पण वळताना तिला रुमाल नीट करायला जरा वेळ लागला.

शेवटचं घर पेनाचं. गेना आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. डिझेल वाचवावं म्हणून दिल्यानने इंजिन बंद केलं, आणि तेव्हा त्याला ते ऐकू आलं.

खोकला. एकामागे एक, एकामागे एक, मध्ये श्वास घ्यायलाही फट नाही. ऐकणाऱ्यालाच गुदमरल्यासारखं व्हावं. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग आत ओढलेला एक लांब, किंचाळल्यासारखा श्वास. पुन्हा खोकला. दिल्यानने ट्रकचं दार उघडलं खरं, पण उतरून काय करायचं ते त्याला सुचेना. तो एक पाय पायरीवर ठेवून तसाच उभा राहिला.

गेना बाहेर आली. टोपली निम्मी भरलेली. ती सरळ ट्रकपाशी आली आणि शेजारच्या सीटवर चढून बसली. एरवी ती ह्या ट्रकला लोखंडी डुक्कर म्हणायची.

“चल,” ती म्हणाली.

“कुठं?”

“तुझ्या त्या वारा खाणाऱ्याकडे. आधी त्याला फोन लाव, पेनाच्या नातवासाठी गाडी पाठव म्हणावं. तो मिरो शेक देत बसलाय, गाढव कुठला.”

दिल्यानने फोन केला आणि गाडी उताराला लावली. आई दाराला चिकटून, तोंडावर रुमाल धरून बसली होती, जितकं लांब बसता येईल तितकं. पहिलं वळण गेलं.

“दिल्या,” ती म्हणाली, “तुम्ही लहान होतात तेव्हापासून मी दरवर्षी मध दिला. एक वर्ष चुकवलं नाही. आणि ती त्या पोराच्या छातीवर बसलीये. पाव त्याच्या हातातून पडला. तोंड निळं झालं रे, पिकल्या आलुबुखारासारखं. मी त्याला उचललं, पाठ चोळली, पण त्याला श्वासच सापडेना. चार वर्षांचा घोडा आहे तो! चांगला धडधाकट! आणि बाळाला असं झालं, तर ते कुठून आणणार श्वास?”

तिने बाळ म्हटलं. दिल्यानने तिच्याकडे पाहिलं. ती समोरच्या काचेकडे बघत होती, आणि थुंकली नाही, लाकूडही शोधलं नाही.

“मला भीती वाटते,” गेना म्हणाली. “मी त्याला छातीशी धरलं. आता ती माझ्या अंगावर बसून आली असेल. बिल्याना बरोबर बोलत होती. मला राग आला होता, कारण ती बरोबर बोलत होती.”

आईला भीती वाटते हे दिल्यानने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. बाप गेला तेव्हासुद्धा तिने हे म्हटलं नव्हतं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण त्याने नुसताच गिअर बदलला.

डॉक्टर कुन्चेव्हांनी तिला पाहिलं आणि ते खुर्चीवरून उठलेच. त्यांना वाटलं कोबीचं भांडण राहिलेलं पुरं करायला आली.

“आधीच सांगते,” गेना बाही वर करत म्हणाली, “मी सुईला घाबरत नाही. पण बघणार नाही. आणि मी कोबी सोडलेला नाही.”

“ते तुमच्या रक्तदाबावरून दिसतंय,” डॉक्टर म्हणाले आणि बोलता बोलता त्यांनी सुई टोचलीसुद्धा.

“टोच ना आता,” गेना म्हणाली.

“झालं.”

“झालं? ह्यासाठी एवढा तमाशा केला सगळ्यांनी?” ती दिल्यानकडे वळून म्हणाली, जणू तमाशा त्यानेच केला होता.

डॉक्टरांनी समजावलं, की पोराला जवळ घेतलंय, म्हणून लसीबरोबर गोळ्याही घ्यायच्या. गोळ्या संपेपर्यंत सुनेच्या आसपास फिरकायचं नाही. लस मुरायला दोन आठवडे. बाळाची तारीख नाताळाजवळची, म्हणजे सगळं वेळेत बसतंय. गेना प्रत्येक वाक्याला मुकाट्याने मान हलवत होती. हे पाहून डॉक्टरांना एवढी हुशारी चढली, की त्यांनी दिल्यानलाही विचारलं, “मग घरातल्या बाकी सगळ्यांचं झालंय ना?”

“सगळ्यांचं,” दिल्यान म्हणाला. त्याच्या डोक्यावरचं केवढं मोठं ओझं उतरलं होतं. “बिल्यानाचं झालं, सासूबाईंचं इटलीत झालं, आता आईचं झालं.”

“आणि तुमचं?”

“माझं झाल्यात जमा आहे.”

गेनाने बाही खाली ओढता ओढता हात थांबवला. हे शब्द तिच्या ओळखीचे होते. दिल्यानचा शाळेचा अभ्यास झाल्यात जमा असायचा. कुंपणाची दुरुस्ती अजूनही झाल्यात जमा होती.

“म्हणजे झालेलं नाही,” ती डॉक्टरांना म्हणाली.

“अगं आई, मी दिवसभर बाहेरच असतो. एकटा, ट्रकमध्ये. तिथं कोण येतंय मला खोकला द्यायला?”

“मिरो येतो,” गेना म्हणाली.

 मिरो येतो. मिरो दोन आठवडे त्याच्या शेजारी बसून खोकत होता, आणि दोघं म्हणत होते तंबाखू वाईट. एका कपातून चहा पीत होते. आणि तिथून घरी गेल्यावर हाच दिल्यान रोज संध्याकाळी बिल्यानाच्या पोटाला कान लावून, आत लाथ बसली की आनंदाने ओरडत होता.  ज्या माणसाने सगळ्यांच्या दंडांचा हिशेब ठेवला, त्याने स्वतःचा दंड धरलाच नव्हता. त्याला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

“टोचा,” त्याने डॉक्टरांना सांगितलं, आणि पाणी कुठं मिळेल का ते विचारलं.

“बस खाली,” गेना म्हणाली. तिने त्याचा दुसरा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. चेष्टा केली नाही. चेष्टा तिने जन्मभरासाठी राखून ठेवली.

मग तिने त्याचाच फोन घेऊन सुनेला लावला. दिल्यान खुणा करत होता, नको, नको, मी सांगतो. तिने त्याच्याकडे पाठ केली.

“सूनबाई, मी गेना. ऐक. सुई घेतली मी. हो, माणसांच्या डॉक्टरकडे. रडू नकोस, रडण्यासारखं काही नाही, डासाएवढं टोचतं. तू म्हणालीस ते बरोबर होतं. हां, ते राहू दे, मीही बोललेच की. पण मी लगेच येत नाही. पेनाच्या नातवाला मी जवळ घेतलं होतं, त्याला तो डांग्या खोकला झालाय. गोळ्या संपेपर्यंत मी तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही. तुझी आई येतेय ना परवा? येऊ दे. तिला म्हणावं, स्वयंपाकघर सांभाळ, पण माझ्या बरण्यांना हात लावू नकोस.”

 विहीण रोसित्सा आपल्याआधी त्या घरात शिरणार, हे तोंडाने म्हणायला तिला किती कष्ट पडले, ते दिल्यानला दिसत होतं.

“आणि अजून एक,” ती पुढे म्हणाली. “हा पण येत नाही.”

पलीकडून बिल्यानाने काहीतरी विचारलं.

“कारण ह्याचं झाल्यात जमा होतं.”

 मग बिल्याना जे बोलली ते दिल्यानला शब्दशः ऐकू आलं नाही, पण पहिलीच्या वर्गाला बोलतात तो सूर त्याने बरोबर ओळखला. गेना ऐकत होती आणि मध्ये मध्ये म्हणत होती, “अगदी बरोबर.” “लहानपणापासून असाच.” “मी तर म्हणते, त्याला दारातूनसुद्धा बघू देऊ नकोस.” दोघी इतका वेळ आणि इतक्या प्रेमाने आजवर कधी बोलल्या नव्हत्या. डॉक्टर कुन्चेव्हांनी शेवटी हळूच घड्याळ दाखवलं.

पेनाच्या नातवाला त्याच दुपारी मोठ्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत त्याला नळीने श्वास मिळू लागला आणि दुसऱ्या दिवशी त्याने पाव मागितला. मिरोलाही गोळ्या चालू झाल्या. दिल्यान आईच्या घरी, लहानपणच्या पलंगावर, गुडघे पोटाशी घेऊन झोपला. सकाळी गेनाने त्याच्याकडून गोळी गिळवली, तोंड उघडायला लावून बघितलं, आणि कामावर धाडलं.

त्याने पहिला रस्ता आपल्या घरासमोरचा घेतला. नगरपालिकेच्या क्रमात तो पार शेवटी यायचा, पण नगरपालिका अजून झोपली होती. दारासमोर ट्रक थांबवून तो खाली उतरला आणि वर बघत उभा राहिला. दुसऱ्या मजल्यावरचा पडदा सरकला. बिल्याना दिसली, काचेला टेकलेलं पोट दिसलं. तिने खिडकी बोटभर उघडली.

त्याने रात्रभर माफीचं भाषण जुळवलं होतं. तो खाकरला. लगेच घाबरून त्याने कोपरात तोंड लपवलं.

“आई कशा आहेत?” बिल्यानाने वरून विचारलं.

 गेल्या आठवड्यात ह्या घरात त्याच्या आईचं नाव काढायची सोय नव्हती.

“बरी आहे. दंड दुखतोय म्हणते.”

“त्यांना म्हणावं, गार पट्टी ठेवा. आणि सरपण उचलू देऊ नकोस.”

“नाही देत.” त्याने बाहीवरून दंड चाचपला. “माझाही दुखतोय.”

“दुखू दे,” बिल्याना म्हणाली. हसू आवरायला तिने ओठ दाबले होते, पण ते काही आवरलं नाही. “पायऱ्यांवरचा बर्फ राहिलाय,” असं म्हणून तिने खिडकी लावून घेतली. दिल्यानने ट्रकमधून फावडं काढलं आणि आपल्याच घराच्या पायऱ्या, खालून वर, शेवटच्या पायरीपर्यंत साफ केल्या, आणि दाराला हात न लावता तो खाली उतरला.